सही आणि सरी

गिअरबॉक्सच्या तळाचे अठरा बोल्ट आवळायला किती वेळ लागावा? आमच्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारलंत तर तो म्हणेल, दहा मिनिटं. अण्णांना पाऊण तास लागायचा. त्या पाऊण तासात त्यांच्याशी कुणी बोललेलं चालायचं नाही, शेजारी उभं राहून कुणी शीळ घातलेली चालायची नाही, आणि माझा फोन वाजला तर ते गाडीखालून अशा नजरेनं बघायचे, की मी देवळात चपला घालून शिरलोय. मी तिथे सर्व्हिस ॲडव्हायजर होतो. म्हणजे गळ्यात टाय, हातात टॅब, आणि काम एकच : गिऱ्हाइकाला गाडीची वेळ सांगायची आणि ती पाळली गेली नाही की त्याच्या शिव्या खायच्या. त्यातल्या निम्म्या शिव्या मी अण्णांपायी खाल्ल्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला एवढं कारण पुरेल असं मला बरेच दिवस वाटत होतं.

अण्णा हे त्यांचं नाव नव्हे. बंगळुरात वयानं मोठ्या कुणालाही अण्णा म्हणतात, रिक्षावाल्यापासून शहाळेवाल्यापर्यंत. आमचे अण्णा मराठी होते, पण आपल्याला ठाऊक असतात तसले मराठी नव्हेत. आनेकलला घर, शेजारीपाजारी सगळे कन्नड, आणि घराणं चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "आमची माणसं घोड्यावरनं आली. तुम्ही लोक विमानानं येताय. म्हणून तुम्हाला सगळ्याची घाई." मी नागपूरहून वेटिंगच्या तिकिटावर, रेल्वेच्या दारात बसून आलो होतो. ते सांगायची संधी त्यांनी दिली नाही.

त्यांच्या मराठीत निम्मं कानडी कालवलेलं असे. 'जरा' म्हणायचं असेल तर ते 'स्वल्प' म्हणत. 'बस, एवढंच' म्हणायचं असेल तर 'अष्टेच'. कानडी 'अष्टे'ला मराठी 'च' लावलेला. तो ऐकून मी पहिला आठवडा मनातल्या मनात हसत होतो. मेकॅनिकांशी ते कन्नड बोलत, गिऱ्हाइकांशी मोडकंतोडकं हिंदी, आणि मराठी बोलत ती फक्त माझ्याशी. ती त्यांची घरची भाषा. आईशी बोलले ती, बायकोशी बोलतात ती. तीस वर्षं नोकरी केली, पण घराबाहेर ती बोलायला त्यांना माणूस मिळाला नव्हता. मी मिळालो. मला बघून त्यांना आनंद झाला होता, हे मला आता कळतं. तेव्हा तो छळ वाटे, कारण त्यांना मराठीत बोलायचं म्हणजे बहुतेक वेळा मला मराठीत झापायचंच असे.

आमचं वर्कशॉप ऑटोमॅटिक गाड्यांचं. व्हाइटफील्डहून एचएसआर लेआउटला रोज क्लच दाबत ये-जा करून बघा, डाव्या पायाचं काय होतं ते कळेल. म्हणून या शहरात ज्याला परवडतं तो ऑटोमॅटिक घेतो, आणि गिअरबॉक्समध्ये तेल असतं, ते कधीतरी बदलायचं असतं, हे विसरून जातो. मग गाडी झटके द्यायला लागली की आमच्याकडे येतो. तेल काढायचं तर तळाचं पत्र्याचं ताट उतरवावं लागतं. त्याला पॅन म्हणतात. ताट आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक पॅकिंग, आणि कडेनं हे बोल्ट.

बोल्ट एवढेसे. करंगळीपेक्षा बारीक. पण गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा. जोर जास्त झाला की भोकातले आटे जातात, ताटाची कड वाकते, पॅकिंग चिरडतं. जोर कमी झाला की तेल पाझरतं. अण्णा म्हणायचे, "चाकाचा नट आवळायला रेडा चालतो. हे आवळायला माणूस लागतो." हे ते त्या वेळी चाकाचे नट आवळत असलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं, कन्नडमध्ये म्हणायचे. वर्कशॉपमध्ये त्यांना मित्र नव्हते.

त्यांची पद्धत अशी. काढलेला प्रत्येक बोल्ट ते इडलीच्या जुन्या ताटलीतल्या खळग्यात ठेवत. ज्या भोकातला बोल्ट त्याच क्रमानं. बायकोनं टाकायला काढलेल्या इडलीपात्राच्या या ताटल्या त्यांनी आणल्या होत्या आणि दुसऱ्या कुणी त्यांना हात लावला की खवळायचे. मग प्रत्येक बोल्ट पुसायचा, भोक पुसायचं. मग नुसत्या बोटांनी सगळे बोल्ट बसवायचे. बोटांनी बसला नाही तर पान्यानं बसवायचा नाही. काढायचा आणि पुन्हा पुसायचा. त्यानंतर पहिला फेरा, छोट्या पान्यानं, निम्म्या जोरानं, मधल्यापासून सुरुवात करून एक इकडचा, एक समोरचा, एक तिकडचा. मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही. हातावर हात ठेवून बसायचं. "पॅकिंगला बसू दे. त्यालाही जीव आहे." आणि मग दुसरा फेरा. तो मोजून जोर देणाऱ्या पान्यानं, ज्याला सगळे टॉर्क रेंच म्हणतात. हवा तेवढा जोर झाला की तो पाना हातात 'टिक' करतो.

बाकीच्यांचं काम 'टिक'ला संपायचं. अण्णांचं नाही. 'टिक' झाल्यावर ते पाना काढायचे, बोल्टकडे बघायचे, त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "सरी." अठरा बोल्ट, अठरा वेळा सरी. मी एकदा विचारलं, पाना सांगतोय की झालं म्हणून, मग तुम्ही कशाला ओरडता? तर म्हणाले, "पान्याला काय कळतंय? तो टिक म्हणतो. सरी माणसानं म्हणायचं."

सरी हा शब्द बंगळुरात आल्यावर आठ दिवसांत तोंडात बसतो. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरोबर, ठीक. पण आमच्यासारखे बाहेरून आलेले तो भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, वॉचमनला वाटेल तसा फेकतात. 'सरी सरी' म्हणजे ऐकलं बाबा, आता जा. मीही तेच करायचो. अण्णांना त्याचा भयंकर राग. त्यांच्याकडे सरीचा अर्थ एकच होता : मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या माणसानं आवळलेल्या कामावर सही करायची असेल तर ते लांबून विचारायचे, "सरी?" आणि गाडीजवळच्या माणसानं खाली वाकून ठिपके बघूनच उत्तर द्यायचं असा नियम होता. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण झाडूवाल्यालाही ठाऊक होता. मला तर त्यांनी बोट नाचवून सांगितलं होतं, "दोनदा म्हणू नकोस. सरी सरी म्हणजे काहीच नव्हे. एकदा म्हण, पण बघून म्हण."

नव्या माणसाची परीक्षा ते पाण्याच्या बाटलीवरून घ्यायचे. पाणी प्यायला द्यायचे आणि झाकण लावताना बघत राहायचे. झाकण बसल्यावर वर आणखी एक पीळ दिला तर हा बोल्ट तोडणार. सैल ठेवलं तर हा तेल सांडणार. मी झाकण लावताना टॅबमध्ये बघत होतो. अण्णांनी बाटली हातातून घेतली, नीट बंद केली आणि म्हणाले, "तू विसरणार." त्यानंतर माझी ओळख करून देताना ते मला 'झाकण' म्हणायला लागले. आमच्याकडे झाकण बिनडोक माणसाला म्हणतात हे त्यांना ठाऊक नसावं. ठाऊक असतं तर अधिक आवडीनं म्हणाले असते.

त्यांच्यावर माया करणं सोपं नव्हतं आणि मी ती केलीही नाही. एचएसआर लेआउटचा एक स्टार्टअपवाला होता, त्याला विमानतळावर जायचं होतं. अण्णांचा पहिला फेरा झाला होता आणि ती पवित्र दहा मिनिटं चालू होती. तो माणूस गाडी वर उचलून धरणाऱ्या लिफ्टखाली येऊन ओरडायला लागला. मी मध्ये पडलो, म्हटलं, "अण्णा, आजच्या दिवस लवकर करा ना. माझी इज्जत आहे." अण्णा स्टुलावरून हलले नाहीत. "गाडी त्यांची," म्हणाले, "बोल्ट माझे. तुझी इज्जत कुठल्या भोकात बसते ते दाखव, तीपण आवळतो." मराठीत म्हणाले, त्यामुळे त्या माणसाला कळलं नाही. पण चार मेकॅनिक हसले, कारण अर्थ कळायला भाषा लागतेच असं नाही. त्या माणसानं माझ्याबद्दल दोन परिच्छेदांची तक्रार लिहिली. त्या वर्षी माझी बढती गेली.

अभिमान म्हणाल तर तो त्यांना एकाच गोष्टीचा होता. तीस वर्षांत त्यांच्या हातचा एक बोल्ट सैल निघाला नव्हता. हे ते महिन्यातून दोनदा तरी ऐकवायचे. त्यांच्याकडे डिग्री नव्हती, इंग्रजी नव्हतं. कंपनीनं सगळ्यांना दिलेलं ट्रेनिंगचं सर्टिफिकेटही त्यांना मिळालं नव्हतं, कारण परीक्षा कॉम्प्युटरवर होती. एवढं एक वाक्य होतं. त्या वाक्यावर त्यांची नोकरी टिकून होती, कारण मॅनेजरला ते हळू वाटत असले तरी त्यांच्या कामाबद्दल तक्रार आली नव्हती.

तर तो गुरुवार. व्हाइटफील्डच्या एका बाईंची गाडी होती, मी त्यांना चारची वेळ दिली होती. तीन वाजता अण्णांचा पहिला फेरा झाला. तेवढ्यात पलीकडच्या बाजूला एक आख्खा गिअरबॉक्स उतरवताना अडकला आणि त्यांना तिकडे बोलावलं. जाताना त्यांनी हाताखालच्या मेकॅनिकला सांगितलं, दहा मिनिटं होऊ दे, मग दुसरा फेरा तू कर, ठिपके दे. तो मेकॅनिक थांबला होता. त्याला मी तिथून उठवलं. दुसरं एक गिऱ्हाईक दारात उभं राहून आरडाओरडा करत होतं, त्याची गाडी पुढे आणून द्यायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. म्हटलं, जा रे, पटकन आणून दे. तो गेला आणि दारातून त्याला आणखी कुणीतरी तिसऱ्या कामाला लावलं.

साडेतीनला मी त्या गाडीखाली उभा होतो आणि त्या बाईंशी फोनवर बोलत होतो. हो मॅडम, ऑलमोस्ट डन मॅडम. पलीकडून, दोन्ही हात गिअरबॉक्समध्ये घातलेल्या अण्णांचा आवाज आला, "दुसरा फेरा सरी?"

मी फोनवर हात ठेवला आणि ओरडलो, "सरी सरी!"

वर बघितलं नाही. मान नुसती मागे टाकली असती तरी दिसलं असतं, ताट माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं. मी जॉब कार्ड, म्हणजे काम झाल्याची सही घ्यायचा कागद, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी एक हात फडक्याला पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मी दोनदा सरी म्हणालो होतो हे त्यांना खटकलं असणार. पण त्यांचा दुसरा हात अडकलेला होता, वरती वजन लोंबत होतं, आणि मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिव्या खाऊन आता तरी शिकलो असेन असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी सही केली. चारला पाच मिनिटं असताना गाडी बाहेर पडली. वेळेआधी दिलेली ती माझी त्या महिन्यातली पहिली गाडी.

रविवारी ती रिंग रोडवर बंद पडली. बाईंबरोबर त्यांचे सासरे होते. ते दीड तास उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिले. तेल तीन दिवस थेंबथेंब गेलं होतं. बाईंनी नंतर त्यांच्या पार्किंगमधल्या तेलाच्या लाल डागाचा व्हिडिओ टाकला आणि तो बघता बघता सगळीकडे फिरला. गिअरबॉक्स आतून जळाला होता. गाडी ओढून आणली तेव्हा मीच आधी खाली वाकलो. आता वाकलो. अठरांपैकी एकावरही पिवळा ठिपका नव्हता. दोन बोल्ट तर माझ्या बोटांनी फिरले.

मेकॅनिकला मी आधीच गाठलं होतं. तो म्हणाला, साहेब, तुम्हीच पाठवलंत, मी परत आलो तर गाडी नव्हती, मला वाटलं अण्णांनी केलं असेल. मी त्याला म्हटलं, कुणी विचारलं तर एवढंच सांग की तुला दुसरं काम होतं. कुणी पाठवलं ते विचारलं तरच सांग. त्याला कुणी काहीच विचारलं नाही.

सोमवारी सकाळी काचेच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. जनरल मॅनेजर होते, एचआरच्या मॅडम होत्या, अण्णा आणि मी. मॅनेजर दिल्लीकडचे, मॅडम मुंबईहून नुकत्या बदलून आलेल्या. बंगळुरातल्या त्या खोलीत कन्नड समजणारा माणूस अण्णांखेरीज एकही नव्हता. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. मॅडमना मराठी येत असेल अशी मला क्षणभर भीती वाटली. पण त्या मुंबईच्या असल्या तरी मराठी नव्हत्या. मॅनेजर म्हणाले, "इनको हिंदी नहीं जमता ना? आप ट्रान्सलेट कर दीजिए." म्हणजे अण्णांचं म्हणणं मांडायचं काम माझ्याकडे आलं.

अण्णा घरून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जॉब कार्ड त्यांच्यासमोर टाकलं तेव्हा त्यांनी ते हातातही घेतलं नाही. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सही माझी आहे. सरी तुझी आहे. मी विचारलं, तू सरी म्हणालास. न बघता सही केली, ही माझी चूक. न बघता सरी म्हणालास, ही तुझी. सांग त्यांना. दोन्ही सांग."

मी इंग्रजीत सांगितलं, "ही सेज, द सिग्नेचर इज हिज. इट वॉज हिज मिस्टेक."

'सिग्नेचर' आणि 'मिस्टेक' हे दोन शब्द अण्णांना येत होते. त्यांनी मान हलवली. मी दोन्ही सांगितलं असं समजून हलवली. मग माझ्याकडे बोट दाखवून, साहेबांना आपल्या आपण समजावं म्हणून ते म्हणाले, "सरी. साब, सरी. सरी."

मॅनेजरांचा चेहरा निवळला. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ही इज अपॉलजायझिंग, राइट?"

त्यांना 'सॉरी' ऐकू आलं होतं. गाडीत, घरात, रस्त्यात रोज जो शब्द कानावर पडतो तो त्या माणसाला पाच वर्षं या शहरात राहून माहीत नव्हता. मला एका वाक्यात ते सरळ करता आलं असतं. नो सर, तो शब्द वेगळा आहे, आणि तो मी उच्चारला होता. माझी नोकरी गेली असती. मला वाटलं, पुण्यात, नागपुरात दुसरी मिळायला सहा महिने लागतील. असं वाटलं हे खरं आहे. पण खरं एवढंच नाही. केबिनच्या काचेतून चार मेकॅनिक आत बघत होते. हेच ते चार, जे माझ्यावर हसले होते. मला त्या क्षणी बरं वाटत होतं. हे कबूल करायला आवडत नाही, पण वाटत होतं.

मी म्हटलं, "येस सर."

मॅनेजर अण्णांशी फार चांगले वागले. वय झालंय, नजर गेली असेल, आजवर सेवा केली, असं बरंच बोलले. काढून टाकत नाही, स्वतःहून सोडलं असं लिहू, म्हणाले. मॅडमनी मला तिथेच बसून एक पत्र टाइप करायला सांगितलं. मी केलं. इंग्रजीत, अर्धं पान. गाडीच्या गिअरबॉक्सचे बोल्ट मी नीट न आवळता सोडले, त्याबद्दल मी माफी मागतो आणि वयोमानामुळे काम सोडतो. प्रिंटरमधून कागद आला तेव्हा तो गरम होता.

अण्णांनी विचारलं, "काय लिहिलंयस?"

"झालं ते लिहिलंय," मी म्हटलं.

"सगळं?"

"हो."

त्यांनी सही केली. माझ्या शब्दावर केलेली ही दुसरी. या वेळी त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

बाहेर येऊन त्यांनी आपल्या जागेवरची आवराआवर केली. टॉर्कचा पाना ते रोज जाताना शून्यापर्यंत सैल करून ठेवायचे, नाहीतर आतली स्प्रिंग थकते म्हणायचे. तो त्यांनी सैल करून पेटीत ठेवला आणि पेटी पुसली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "दोघांचं झालं ना? तुला काय म्हणाले?" मी म्हटलं, बघू म्हणाले. "ठीक. तू तरुण आहेस. तुला ठेवतील," म्हणाले, आणि आनेकलची बस चुकेल म्हणून निघाले. मी गेटपर्यंतही गेलो नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती माझ्या भरभराटीची आहे. त्या प्रकरणानंतर कंपनीला नवा नियम करायचा होता. मी केला. दोन फेरे, मध्ये थांबणं, प्रत्येक बोल्टला रंगाचा ठिपका, आणि दुसऱ्या माणसानं बघितल्याशिवाय सही नाही. त्याला इंग्रजी नाव दिलं. आता कंपनीच्या सगळ्या शाखांत तो चालतो आणि मी सगळ्या शाखांत जाऊन तो शिकवतो. पडद्यावर चित्रं दाखवतो. लोक वहीत उतरवून घेतात. माझी ती गेलेली बढती मिळाली, तिच्यावर आणखी एक मिळाली.

अण्णांना दुसरीकडे काम मिळालं नाही. दोन वर्कशॉपवाल्यांनी आमच्याकडे फोन करून चौकशी केल्याचं मला ठाऊक आहे. दोघांनाही मॅडमनी ते पत्र वाचून दाखवलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षांत एक बोल्ट सैल निघाला नाही असं म्हणणाऱ्या माणसाची सही त्या कागदावर होती.

अण्णांना काम मिळत नाही हे मला आमच्या एका जुन्या मेकॅनिकनं सांगितलं. त्यानंही आता नोकरी सोडलीय. त्यानंच सांगितलं की पत्राची प्रत घरी पोस्टानं गेली आणि अण्णांच्या शिकणाऱ्या मुलीनं ती वाचली. आधी इंग्रजीत वाचली आणि मग त्यांच्या त्या कानडी मराठीत अर्थ सांगितला. त्यावर ते काय म्हणाले ते त्याला माहीत नव्हतं. मला ते ऐकायचंही नव्हतं, आणि रोज त्याच्याशिवाय दुसरं काही सुचतही नव्हतं.

शेवटी गेलो. त्याला दीड वर्ष लागलं. एका रविवारी सकाळी, माझ्या नव्या गाडीनं. आनेकलच्या बसस्टँडमागे विचारत विचारत गेलो. गिअरबॉक्सवाले म्हणून कुणालाच ठाऊक नव्हते. पंपवाले म्हणून घर दाखवलं. अंगणात पत्र्याची शेड होती आणि अण्णा तिच्यात बसून बोअरवेलच्या मोटारीचा पंप उघडत होते. केस पार पांढरे झालेले. फाटकाचा आवाज आला तसं त्यांनी वर बघितलं, मला ओळखलं, आणि पुन्हा खाली बघितलं.

मी वाटेत सगळं पाठ करून आलो होतो. म्हटलं, "अण्णा, तिथं मी खोटं सांगितलं. तुम्ही सांगितलेलं सगळं मी सांगितलं नाही. माफी तुम्ही मागितलीच नव्हती. आणि सरीचा अर्थ मला माहीत होता. तुम्हीच शिकवला होता. चूक माझी होती, अण्णा. मी हे लिहून द्यायला तयार आहे, म्हणाल त्याला सांगायला तयार आहे."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसत उठले. माझ्याजवळून पुढे जाऊन गाडीपाशी थांबले, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि गाडीखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मागे उभा राहून बोलतच होतो. काय बोललो ते आठवत नाही. मराठीत बोलत होतो, रडायला आलं होतं, आणि आवाज चढला असावा.

ते सरळ झाले. "लीक नहीं है, साब," म्हणाले. "आप जाइए."

"अण्णा, मराठीत बोला ना माझ्याशी. शिव्या द्या."

"गाडी में कुछ नहीं है, साब."

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. माझं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत गेलं असणार. इथे घराच्या अंगणात परक्याच्या तोंडून आपली भाषा ऐकू येणं ही रोजची गोष्ट नव्हे. त्यांच्या आवाजात ते कळत होतं. "कोण आलंय हो? आपल्यातलंच कुणी आहे की. मराठी बोलतायत. स्वल्प बसवा त्यांना, कॉफी करते."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. दीड वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "नको करू. मराठी नव्हेत ते."